घागर हाय माझी

लातूर जिल्हा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर एका सकाळी, आमच्या गल्लीतल्या हापशावर एका बाईंनी रांगेत घागर ठेवली, "घागर हाय माझी, मी आलेच," असं म्हणाल्या आणि रेल्वे फाटकाच्या दिशेने धावत गेल्या.

हापशाची रांग तुम्हीही पाहिली असेल. तिथे माणसांच्या आधी भांडी उभी राहतात. पावसाने दोन वर्षं दगा दिला होता आणि आमच्या गल्लीत तो एकच हापसा जिवंत होता. त्याचा नियम साधा होता. घागर ठेवून कुठेही जावं, पण नंबर आला तेव्हा माणूस हजर नसेल तर घागर शेवटाला. हा नियम चालवायची आक्का. हापशासमोरच्या पायरीवर बसणारी म्हातारी. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं आणि तिच्याकडून ते काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या दिवशी बाईंचा नंबर येऊन गेला तेव्हा त्या अजून फाटकावर असाव्यात. आक्काने घागर उचलली आणि शेवटी नेऊन ठेवली. बाई आल्या त्या कमरेवर हात ठेवून, चालत.

"नांदेडवाले, कुनी मागं लागलं व्हतं का तुज्या?" आक्काने विचारलं.

"न्हाई मावशी, कुनीच न्हाई."

"मग कामून पळून राहिलीस?"

"अकरा वर्सं झाली, पळले न्हवते," बाई म्हणाल्या आणि निमूट शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांना कचेरीत यायला उशीर झाला. त्यानंतरचे आठ दिवसही झाला.

आम्ही एकाच कचेरीत होतो. जिल्हा नवा, कचेरी भाड्याच्या इमारतीत, टेबलं उस्मानाबादहून आलेली आणि माणसं मिळतील तिथून. बाई नांदेडहून बदलून आल्या होत्या. दोन मुली तिकडे आईकडे ठेवल्या होत्या, नवरा धर्माबादला मास्तर. इथे त्या एका खोलीत एकट्या राहत. त्या खोलीच्या भिंतीवर निळ्या कोटातली कुणाची तसबीर आहे, हे गल्लीला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

कचेरीत त्यांच्याकडे आवक-जावक होती. येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जाई. दिवाळीच्या तोंडावर असाच एक कागद महसूल कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धांचा आला. नव्या जिल्ह्याने पहिल्यांदाच संघ पाठवायचा होता, स्पर्धा फेब्रुवारीत नांदेडला. पाच हजार मीटरच्या रकान्यात नाव द्यायला आमच्याकडे कुणीच नव्हतं. बाईंनी कागदावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, हे पुरुषांचं आहे. महिलांना आठशेपर्यंत."

"हाव साहेब. पण अंतराला काय ठावं, कोन पळून राहिलं?"

साहेब हसले. "आधी पळून दाखवा, मग बघू."

कॉलेजात असताना बाई विष्णुपुरीच्या रस्त्याला रोज धावायच्या, हे मला नंतर कळलं. मग लग्न, मुली, नोकरी. कुणी मनाई केली नव्हती. एक दिवस राहिलं, दुसऱ्या दिवशी राहिलं, आणि अकरा वर्षं गेली. "कुनी अडवलं असतं तर भांडले असते भाऊ," त्या मला एकदा म्हणाल्या. "कुनी अडवलंच न्हाई. त्याचाच राग हाय."

माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं, म्हणून माझं पाणी मलाच भरावं लागे. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. नजर कुठे ठेवायची हा प्रश्न असायचा, म्हणून मी पुस्तक घेऊन जायचो. आक्काने त्यावर काम काढलं. "हा नुसता कागदाकडं बघत बसतो. ह्यालाच मोजू द्या." बाई निघाल्या की भरलेल्या दर घागरीमागे मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने एक रेघ ओढायची. बाई परत आल्या की एक गोल. त्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणापुढे मी आजतागायत गेलेलो नाही.

पहिल्या दिवसांत फाटकापर्यंत जाऊन यायला अडतीस घागरी लागायच्या. बहिणीचा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. गल्लीला बघायला पुष्कळ होतं.

"हितं प्यायला पानी न्हाई, अन् ही घाम गाळून राहिली," एक जण मोठ्याने म्हणाली.

"घाम माझा हाय. हापशाचा न्हाई," बाई जाता जाता म्हणाल्या.

अडतीसाच्या तेहतीस झाल्या, मग अठ्ठावीस. महिन्याभराने चोवीस. आता नंबर यायच्या आत त्या रांगेत हजर असायच्या.

अशाच एका सकाळी त्या परत आल्या तेव्हा त्यांची घागर रांगेत नव्हती. बाजूच्या उकिरड्याजवळ पालथी पडली होती. त्यांच्या पळण्यामुळे, की भिंतीवरच्या तसबिरीमुळे, हे कुणी बोललं नाही. मी पुस्तकातून मान वर केली नव्हती, म्हणून मी पाहिलं नाही. हे वाक्य मी तेव्हाही स्वतःला ऐकवलं होतं आणि तेव्हाही ते पुरेसं वाटलं नव्हतं.

बाईंनी घागर उचलली. पदर नव्हता, ओढणीने पुसली. शेवटी नेऊन ठेवली. "उद्या पुन्हा ठेवनार हाय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात आक्का आली. ती दळण आणायला गेली होती. तिला कुणीतरी सांगितलं आणि ती हापशाच्या ओट्यावर चढली.

"पालथी? जित्या मानसाची घागर पालथी घातली? मी मेले का गल्ली मेली?" नियम तिचा होता आणि तो तिच्या पाठीमागे मोडला होता. "नंबर हुकला तर मागं ठेवा. मीबी ठेवते. पन पालथी घालनारीच्या घागरीला पुन्यांदा ह्या हापशावर पानी न्हाई."

पुन्हा तसं झालं नाही.

जानेवारीत चोवीसाच्या अठरा झाल्या, अठराच्या चौदा. बाया खूश. "नांदेडवाली लई जोरात सुटली!" जी घामावरून बोलली होती तीही आता आकडा विचारायची. रांगेतल्या प्रत्येकीला वाटायचं, आपणच हिला घडवलं.

मला मात्र शंका आली. एक दिवस मी हातातलं घड्याळ लावून बघितलं. आधीही पंचवीस मिनिटं होती, आताही पंचवीसच. पाणी खाली गेलं होतं. जी घागर मिनिटात भरायची तिला आता पावणेदोन मिनिटं हापसावं लागत होतं. बाईंचा वेग वाढला नव्हता, आमचं घड्याळ मंदावलं होतं.

कचेरीत मी त्यांच्या टेबलाशी गेलो.

"बोला की भाऊ."

"बाई, तुम्ही वाढला नाहीत. पाणी आटलंय."

त्यांनी हातातल्या पाकिटावर शिक्का मारला. "मला आपला दम कळत न्हाई का? पंधरा दिस झाले, कळलंय."

"मग बायांना सांगू?"

"कामून? त्यांना तेवढीच एक चांगली बातमी हाय." मग पाकीट बाजूला ठेवून म्हणाल्या, "उद्यापासनं फाटकावरनं माघारी फिरायचं न्हाई. पानी जितकं खाली जाईल, तितकी मी म्होरं जाते."

आणि तसंच केलं. फाटकापुढे कापसाचं जिनिंग, जिनिंगपुढे माळ, मग हरंगुळच्या वाटेवरचं लिंबाचं झाड. हापसा आटत गेला तशा त्या लांब जात राहिल्या. एका घागरीला चार मिनिटं लागायला लागली तेव्हा त्या लिंबाला हात लावून परत येत होत्या. गल्ली दुष्काळाला शिव्या देत होती. बाई त्याच दुष्काळातून धावायला वेळ काढत होत्या.

नांदेडच्या मैदानावर संघाची कागदपत्रं सांभाळायला मी गेलो होतो. तिथल्या पंचांनी बाईंना बघून मान हलवली. आमचे साहेब मध्ये पडले. "धावू द्या. निकालात नाव धरू नका."

"निकाल कुनी मागितला?" बाई म्हणाल्या. पुरुषांच्या ओळीत सगळ्यात बाहेरच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

साडेबारा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत लोक हसले. पाचव्या फेरीत एक तलाठी मैदानाबाहेर जाऊन बसला. आठव्यात बाईंनी एकाला मागे टाकलं, तेव्हा हसणं थांबलं. अकराव्या फेरीत त्यांचा श्वास मला कडेला उभं राहून ऐकू येत होता. चेहरा तोच होता, घागर ओढणीने पुसतानाचा. दोन पुरुष त्यांच्या मागून आले. पंचांनी त्या दोघांची वेळ लिहून घेतली. बाईंच्या वेळेला घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

त्या गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. त्यांनी आधी विचारलं, "भाऊ, किती घागरी झाल्या?"

मी पाहिलं होतं. चोवीस मिनिटं. "जुन्या पाण्याच्या चोवीस. आत्ताच्या सहा."

त्या इतक्या जोरात हसल्या की पंच वळून बघायला लागले. "बायांना सहाच सांगा."

मी सहाच सांगितल्या. आक्काने दोनदा खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंची घागर स्वतः उचलून सगळ्यात पुढे ठेवली. बाईंनी ती परत शेवटी नेली.

"मावशी, म्होरं ठेवली तर पळू कवा?"

दोन वर्षांनी त्या नांदेडला बदलून गेल्या. नंतर वर्षाकाठी एखादं पत्र यायचं. मागच्या वर्षी बाई गेल्याचा थोरल्या मुलीचा फोन आला आणि मी नांदेडला गेलो. मुलगी म्हणाली, "काका, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीपण सकाळी बूट घालून निघाली होती. 'आलेच' म्हणाली. कोपऱ्यावरून परत आली."

आमच्या गल्लीत आता नळ आहेत. हापशाचा दांडा कुणीतरी काढून नेला, ओटा आहे. आक्का केव्हाच गेली. पुस्तक माझ्याकडे आहे. समासातल्या रेघा पुसट झाल्या आहेत, पण मोजता येतात. कोणत्या दिवशी बाई किती लांब गेल्या होत्या, ते त्यांवरून कळत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी गोल आहे.