विशालच्या रोटरीसमोर फुटलेला नारळ

ये गं मीने, अशी जवळ सरक. स्कुटी खडखडते तरी दामटत नेतेस, अन् आत्याची आठवण येते ती गाडी बंद पडल्यावर! इंजिनाला इतकं गृहीत धरू नये बाई. गाड्यांच्या रेसा खेळणाऱ्या विशालच्या इंजिनाचं काय झालं, ते ऐक.

मलकापूरच्या माझ्या वर्कशॉपात ते स्टँडवर तयार उभं होतं. टेस्ट घ्यायची, पिकअपमध्ये चढवायचं अन् रेसच्या गावी गाडीत बसवायचं. पिकअप दारात हॉर्न देत होता. विशालची आधीची इंजिनं रेसमध्येच फुटलेली. त्याच्या वडिलांची, भाऊसाहेबांची, कापसाची जिनिंग. त्यांनी बजावलं होतं, "हे शेवटचं. फुटलं तर गुमान जिनिंगवर बसजो."

विशालचं इंजिन होतं रोटरी. रोटरी म्हणजे काय, ते सांगते. आपल्या गाड्यांत पिस्टन वर-खाली होतो. यात तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या टोकांवर बारीक पट्ट्या असतात, अ‍ॅपेक्स सील. त्या बाहेरच्या भिंतीला घासत फिरतात. पट्टी तुटली की प्रेशर गेलं, इंजिन गेलं. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, लावून हॉर्सपॉवर वाढवणं सोपं; ती पट्टी टिकवणं कठीण. जादा ताकदीनं इंजिनाला पीळ पडू नये म्हणून मी प्लेटांत जाड पिना बसवल्या होत्या. सीलला ओलावा राहावा म्हणून पेट्रोलात ऑईल मिसळलं होतं. हे सगळं मी मोडकी इंजिनं उघडून उघडूनच शिकले.

टर्बोचा पाइप जोडायचा बाकी होता. हवा आत जायच्या तोंडावर मी फडकं बांधून ठेवलं होतं. आमच्याकडे नारळ फोडल्याबिगर नवं इंजिन सुरू होत नाही. मी बॅटरी जोडत होते, तेवढ्यात विशालसोबत टेस्ट बघायला आलेल्या भाऊसाहेबांनी कुंकू लावायला ते फडकं काढलं अन् शेजारच्या ऐरणीवर नारळ हाणला.

लेथवाले रफीकभाई एकदम म्हणाले, "आपा, रुको. सेल्फ नका मारू."

त्या उघड्या तोंडाच्या कडेला नारळाची शेंडी चिकटली होती.

मी बॅटरीची वायर सोडली. शेंडी उडाली, तर करवंटीही उडाली असेल.

"काऊन थांबल्या ताई?" भाऊसाहेब म्हणाले. "एवढासा टुकडा, जळून जाईन!"

"जळायच्या आधी सील तोडीन तो, भाऊसाहेब."

विशाल रडकुंडीला आला. "काकू, आता खोललं तर रेस गेली!"

"अन् फिरवलं तर इंजिन गेलं. कोणी हात लावू नका."

स्पार्क प्लग काढून कॅमेऱ्याची नळी आत घातली. काहीच दिसलं नाही. पण दिसलं नाही म्हणजे नाही, असं होत नाही ना.

रफीकभाईंनी तोवर खाली बसून करवंटीचे तुकडे गोळा केले अन् फुटलेलं मडकं जुळवावं तसा नारळ जुळवायला घेतला. भाऊसाहेबही धोतर सावरत ऐरणीखाली शिरले अन् एक कपची घेऊन बाहेर आले. ती बसली. तरी कडेला नखाएवढी फट उरलीच.

"खोला," भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "गेली रेस तर गेली."

विशालनं तोंड फिरवलं.

मी आधी फक्त हवेचा मॅनिफोल्ड, म्हणजे रोटरकडे हवा नेणारा फाटा, सोडवला. उलटा केला. झटकला. काही नाही. मग वाकणात बोट घातलं अन् तिथल्या ऑईलात काहीतरी टोचलं. काळी, टोकदार कपची! रफीकभाईंनी ती फटीला लावली. बरोब्बर बसली.

"नारळ पूरा हो गया, आपा."

सगळं पुसून जोडलं अन् सेल्फ मारला. त्या आवाजानं पत्रे थरथरले. विशालनं माझे पाय धरले, अन् पिकअप सुटला.

रेसमध्ये विशाल पहिला आला नाही. पण इंजिन धड परत आलं. प्लग काढून हातानं फिरवलं, तर प्रत्येक टोकाचा फुसकारा सारखा, म्हणजे पट्ट्या शाबूत. भाऊसाहेबांनी जिनिंगचं नाव काढलं नाही.

धडा एवढाच : देवाचा नारळ दाराबाहेर फोडावा, अन् इंजिनाचं फडकं मालकालाही काढू देऊ नये.

आता स्कुटी आत घे, मीने. भाकरी खाऊन जाशील, अन् तिची खडखड मी ऐकीन.