बरोबरीचा निकाल

आमच्या गास गावच्या कबड्डी संघात मी राखीव खेळाडू होतो. म्हणजे सगळ्यांची घड्याळं सांभाळायची आणि कुणी लंगडला की खांदा द्यायचा. मैदानात उतरायची वेळ येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात नवसही बोललो होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती उपांत्य फेरी मात्र माझ्या थोरल्या भावाच्या नशिबाची होती. मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आले होते. अंतिम फेरीत जाणाऱ्या संघांतूनच ते नोकरीसाठी खेळाडू निवडणार होते. त्यांच्या वयाच्या अटीत बसायचं दादाचं हे शेवटचं वर्ष, आणि केळीच्या वाडीवर आम्हा सगळ्यांचं भागत नव्हतं.

समोर आगाशीचा संघ. वेळ संपली, गुण सारखे. जादा वेळ खेळवला, तरी सारखेच. दादाचा गुडघा सोलून निघालेला. मी पाणी पुढे केलं तर म्हणाला, "तूच पी. न खेळता तुझाच घसा सुकलाय."

पंचांनी शिट्टी मारली. "नियमाप्रमाणे, सामन्यातला पहिला गुण ज्यांचा, ते विजयी. आगाशी!"

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यांचा पहिला चढाईवाला रिकाम्या हाताने परत पाठवायचा नाही. संघाचे कर्ते आमचे काका, त्यांचा हा हट्ट. त्या दिवशीही दादानेच पुढे होऊन स्वतःला हात लावून घेतला होता. आजवर आमचा सामना कधी बरोबरीत सुटला नव्हता, म्हणून हा मोठेपणा परवडत होता.

"अहो, तो गुण आम्ही दिला होता!" दादा ओरडला.

"दिला की घेतला, ते नियमात नाही," पंच म्हणाले. "गुण तो गुण."

काका आगाशीच्या कप्तानाकडे वळले. "तू तरी सांग रे बाबा, खरं काय ते."

"काका, दिलेलं कुणी परत मागतं का?" तो हसला. त्याच्या संघातही कुणाला तरी नोकरी हवीच असणार.

साहेबांनी आगाशीच्या दोघांना जवळ बोलावलं. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाहुण्यांचं जेवण ठरल्याप्रमाणे आमच्याच अंगणात झालं. दादा लंगडत मटणाचा रस्सा वाढत होता. "घ्या हो, लाजू नका."

शेवटी आम्ही घरचे बसलो. काकांनी स्वतः त्याला वाढायला घेतलं, तर तो म्हणाला, "राहू द्या काका. भूक नाही."

पुढच्या वर्षी त्याने संघात नाव दिलं नाही. त्याच्या जागी मला घेतलं. आम्ही पहिल्याच फेरीत असे सपाटून हरलो, की नियम काढून बघायची वेळच आली नाही.