बांधावरची भाऊबीज

माझी थोरली बहीण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे दिली होती. गाव लहान. शेतकऱ्यांची घरं वर टेकडीच्या कडेला आणि खाली बंदरालगत मुसलमानांची आळी. दिवाळीत वरच्या घरांतून खाली करंज्या-चकल्यांची ताटं जात आणि ईदेला तीच ताटं शेवया भरून वर येत. ताट रिकामं परत करायचं नाही, एवढा एकच नियम होता आणि तो कोणी मोडत नसे.

मी बी. ए. झालो त्या वर्षीची भाऊबीज मला अजून आठवते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो तो बहिणीच्या कडेवर बसून. वाटेत खाजणाचा चिखल लागे. ती मला कडेवर घेऊन तो पार करी, पलीकडे उतरवी आणि म्हणे, "चिखलाच्या पायांनी शाळंत जाऊ न्हाय." मला सोडून ती मागे फिरे, कारण तिला शाळेत घातलंच नव्हतं. पुढे मुंबईत शिकवण्या करून कॉलेज शिकताना लागोपाठ तीन भाऊबीजा मी चुकवल्या.

तिच्या सासरची रीत कडक होती. बहिणीने दिवसभर उपास धरायचा, संध्याकाळी आधी बीजेच्या चंद्राला ओवाळायचं, मग भावाला, आणि मगच तोंडात घास घालायचा. भाऊ आला नाही तर एकट्या चंद्रावर भागवायचं. तीन वर्षं तिने तसंच भागवलं होतं.

या वर्षी मी आलो खरा, पण घाईतच. जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून नुकता लागलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागला हजर व्हायचं होतं. बीजेला भरती दुपारी येते आणि दिवेलागणीपर्यंत खाडी पार उतरते. शेवटची होडी सूर्य बुडताना सुटे, त्यानंतर ती चिखलात बसे; आणि बीजेची कोर दिसते ती सूर्य बुडाल्यावरच. त्यात आभाळ सकाळपासून भरून आलेलं.

दुपारी मी म्हटलं, "बाय, पंचांगात आज बीज आहे. ढगांमागे चंद्र आहेच. आताच ओवाळ आणि जेव."

"मंग पंचांगालाच ओवाळू काय?" ती म्हणाली. "तीन वर्सं चंद्र होता तं भाव न्हवता. आज भाव हाय तं चंद्र न्हाय."

ती हसत बोलली, पण तबक पुसताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या वर्षी कचेरी मला सोडील की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

सूर्य बुडायच्या सुमारास ती तबक पदराखाली धरून माझ्याबरोबर बंदरावर आली. पाहतो तर खालची सगळी आळी खाडीच्या बांधावर उभी, तोंडं समुद्राकडे. त्या वर्षी रमजान दिवाळीला येऊन भिडला होता. आज चांद दिसला तर उद्यापासून रोजे. दोन्ही सण मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण दोन्हींची गाठ या एकाच कोरीला आहे, हे माझ्या बी. ए.च्या डोक्यात तोवर आलं नव्हतं.

"चला पाव्हणं, पानी पळालं," होडीवाला म्हणाला. तो त्याच आळीतला.

मी पुन्हा पंचांगाचं बोललो. तो हसला. "कागदावरचा चांद आमच्यात पन चालत न्हाय. डोळ्यांनी बघाया लागतो." मग त्याचं लक्ष तबकाकडे गेलं. "वहिनी, सकाळपासून उपाशी?"

"व्हय."

त्याने वल्हं गुडघ्यांवर आडवं घेतलं आणि तो बांधावर बसला. "मंग बसा. मला बी बघायचाच हाय."

होडीत बसलेली एक कोळीण ओरडली, "आरं, आन् आमी काय चिखलात पोवायचं?"

"पोवा की. कोळ्यांना कोन शिकवायला पायजे?"

त्याची म्हातारी आई पालथ्या होडीवर बसली होती. तिला सगळे चाची म्हणत. सुईत दोरा ओवायला तिला नात लागे, पण लांबचं तिच्याइतकं गावात कोणाला दिसत नसे. कपाळावर हात धरून ती आभाळ न्याहाळत होती. पाणी बांधापासून लांब गेलं. होडीचा तळ चिखलाला लागल्याचा आवाज मी ऐकला. बहीण पुटपुटली, "जा रे तू. नोकरी जाईल."

तेवढ्यात चाचीने बोट उचललं. "त्यो बघा! माडाच्या डाव्या अंगाला, नखावानी."

मला काहीच दिसेना.

"येवडं शिकलास न्? बघ की!" चाची म्हणाली आणि बांधभर हशा पिकला.

मग ढग फाटला. कोर इतकी बारीक होती की पापणी लवली तर हरवेल. लोकांनी ओंजळी वर केल्या. बहिणीने निरांजन पेटवलं, पण वाऱ्याने ते विझलं. चाचीने उठून आपली ओढणी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि त्या आडोशाला वात पुन्हा लागली. बहिणीने चंद्राला ओवाळलं. मला पालथ्या होडीवर बसवून कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी आणलेलं लुगडं तिच्या हातात दिलं. चौथ्या वर्षी तिला चंद्र आणि भाऊ दोन्ही मिळाले, ते एका मुसलमान होडीवाल्याने होडी अडवली म्हणून. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

चाचीने ओढणीच्या गाठीतून रोज्यासाठी आणलेला एक खजूर काढून बहिणीच्या तळहातावर ठेवला. "खा गो पोरी. तुजा उपास सुटला, आमचा उद्यापासून."

तिने तो तिथेच तोंडात टाकला.

होडी अर्थातच रुतली होती. आम्ही सगळे पुरुष चिखलात उतरलो. नवं धोतर मांड्यांपर्यंत खोचून, कपाळावर कुंकू घेऊन मी ढकलू लागलो. कोळीण वर बसून हुकूम सोडत होती. होडी पाण्याला लागली तेव्हा बांधावरून बहिणीचा आवाज आला. तोंडात खजूर असल्याने शब्द नीट फुटत नव्हते.

"आरं, पाय धू! चिखलाच्या पायांनी कचेरीत जाऊ न्हाय!"

पलीकडे उतरल्यावर मी आधी तेच केलं.