डावीकडे वळणारी गाठ

आमच्या इमारतीत आठ घरं होती आणि गच्चीवर एक खोली. बीड बायपासच्या बाजूला तेव्हा अशा इमारती भराभर उठत होत्या. नळाची लाइन मात्र मागंच राहिली होती. जायकवाडी तळाला गेलं त्या वर्षी आमचा बोअरही आटला आणि सगळे अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीवर आले. आठवड्याला एक टँकर. रोज सकाळी सगळ्यांसमोर झाकण उघडायचं आणि घरटी चार हंडे मोजून द्यायचे, असं ठरलं.

झाकणाला कुलूप लावायचं तर किल्ली कुणाकडे, यावर तीन दिवस भांडण झालं. ते मी मिटवलं. जिन्याखालच्या जागेत मी हौसेनं लाकूडकाम करायचो. दोरीच्या शोभेच्या गाठी हा माझा दुसरा नाद. माझी एक खास गाठ होती, चार पदरांची, गोंड्यासारखी गोल. झाकणाच्या कड्यांत दोरी ओवून मी ती बांधली आणि म्हणालो, "किल्लीची नक्कल निघते. हिची काढून दाखवा." वाटपानंतर आणि दुसऱ्या सकाळी टाकीतलं पाणी मोजायला सागवानी पट्टीही मीच रंधा मारून, खुणा करून दिली. त्या दिवसापासून पाण्याचा राखणदार मी.

त्याच सुमारास मी शहागंजातून एक जुनी आरामखुर्ची आणली होती. सांगाडा शिसवी, बैठकीचा वेत फाटलेला. वेत विणायचा तर भिजवावा लागतो. कोरडा वाकवला की तडकतो. अर्धी बैठक विणून झाली आणि घरातलं पाणी पुरेना. काम तसंच ठेवलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मला ठेववलं नाही. दुपारी जेवायला घरी आलो की सगळी इमारत दारं लावून आडवी झालेली असायची. मी गाठ सोडायचो, दोन बादल्या काढून वेताच्या टबात ओतायचो, गाठ पुन्हा बांधायचो.

बायकोनं एकदाच विचारलं, "टबात पाणी कुठलं?"

"भांड्यांचं."

"भांडी मी राखेनं घासून फडक्यानं पुसतेय महिनाभर," ती म्हणाली आणि आत गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. वारली तोपर्यंत नाही.

गच्चीवरच्या खोलीत सिल्लोडकडची एक बाई म्हाताऱ्या सासूला घेऊन भाड्यानं राहायची. ब्लाउज शिवायची. ब्लाउजच्या दोरीला लटकन करायला तिला माझी गाठ हवी होती. ती डावखुरी. इमारतीतल्या बायका तिला टोमणे मारायच्या, "प्रसाद तरी उजव्या हातानं घे गं बाई." माझ्या शेजारी बसून तिला गाठ जमेना. मग म्हणाली, "काका, मी समोर बसते." आरशात बघावं तशी ती शिकली. माझ्या गाठीचे पदर उजवीकडे फिरत, तिचे डावीकडे.

"उलटी झाली का ओ?"

"उलटी नाही. तुझी झाली," मी म्हणालो होतो.

मग एका सकाळी पट्टीवर बोटभर पाणी कमी दिसलं. दोन दिवसांनी पुन्हा बोटभर. हंडे घेऊन सगळे उभे होते. इमारतीचे सेक्रेटरी दोरीपाशी वाकले, सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "गाठ जशीच्या तशी आहे. म्हणजे जिला बांधता येते तिनंच सोडली. तुमच्याशिवाय कुणाला येते?"

जिला, असं ते आधीच म्हणाले होते. माझ्या हातांना भिजलेल्या वेताचा आंबूस वास येत होता. हात मी पाठीमागं घेतले.

"मी तिला शिकवलीय," मी म्हणालो.

ती रांगेत शेवटी होती. हंडा खाली ठेवून पुढं आली. "मी नाय घेतलं. काकांना इचारा. माझी गाठ डावीकडं वळती. ही बघा, उजवीकडं हाय."

"बांधून दाखव," कुणीतरी म्हणालं.

तिनं सगळ्यांसमोर दोरीचा वेगळा तुकडा घेतला. गाठ चोख बांधली. पदर डावीकडे. शेजारी माझी, उजवीकडे. आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यातलं कळणारा मी.

मी म्हणालो, "मुद्दाम उलटीही बांधता येते."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी नजर वळवेपर्यंत. तिचे चार हंडे त्याच दिवशी बंद झाले. पंधरवड्यात घरमालकानं खोली रिकामी करायला लावली. शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि सासू, असं सगळं एका छोट्या टेम्पोत मावलं. पाणी चोरणारी म्हणून ती गेली. पुढं पट्टीवर पाणी कमी दिसलं नाही, कारण खुर्ची विणून झाली होती. लोकांना तो पुरावा वाटला. सेक्रेटरी खुर्चीत बसून म्हणाले, "वेत काय ताणलाय, वा!"

यंदा मी तिला शोधून काढलं. पैठण रोडला, जिथं पूर्वी ज्वारी असायची तिथं आता दुकानांची ओळ आहे. त्यात तिचं शिलाईचं दुकान. त्या दिवशीची तिची गाठ मी इतकी वर्षं खणात ठेवली होती. ती टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही.

"मला तवाच ठाऊक होतं. तुमच्या हाताला वेताचा वास लई यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं ऐकलं असतं व्हय कुणी? वाटलं, तुमी बोलाल." तिनं दोरा तोडला. "आन् मला सांगून काय करू मी? मी घेतलं नाय हे मला म्हाईतच हाय. त्या आठ घरांना सांगा."

आठातली तीन घरं अजून तिथं आहेत. माझं एक. उरलेल्या दोन्हींकडे जाऊन आलो. सेक्रेटरी म्हणाले, "आता कशाला उकरता?" तरी त्यांना शेवटपर्यंत ऐकायला लावलं. पाच घरं शहरात कुठं पांगली, मला माहीत नाही. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

पाणी मी घेत होतो. तिची गाठ डावीकडे वळते. त्या झाकणावर डावीकडे वळणारी गाठ एकदाही नव्हती.