आमच्या डब्यातले पालक कोफ्ते

कॉलनीकरांनो, आज दुपारी आपल्या जुन्या शेजारच्या काकूंनी या ग्रुपवर पालक कोफ्त्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'नव्वदच्या दशकात राहुरीत आपण एका घरासारखे राहायचो. जात कुणी विचारत नव्हतं.' तुम्ही सगळ्यांनी त्यावर बदाम टाकलेत.

विचारत नव्हतं, बरोबर आहे. सगळ्यांना माहीतच होती. कॉलनीत बौद्धांचं घर एकच होतं, आमचं.

आई पालक वाफवून, घट्ट पिळून, बेसनात मळून कोफ्ते तळायची. काकूंना चालावं म्हणून रश्श्यात कांदा-लसूण घालायची नाही. डबा द्यायला मी जायचे. दुसऱ्या दिवशी तो घासून परत यायचा, रिकामा देऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर. 'कोफ्ते छान झाले होते हो,' असं काकू आईला सांगायच्या. आणि तेच कोफ्ते मला त्यांच्या मागच्या दारी गायीपुढे दिसायचे.

आज आईला फोटो दाखवला आणि इतक्या वर्षांनी गायीचं सांगितलं.

"मला ठाऊक हुतं की," ती म्हणाली.

"मग पाठवायचीस कशाला?"

"दर बारीला तिला माझ्या तोंडावर खोटं बोलाया लागायचं. म्हून."

आई आता पालक निवडायला बसलीय. काकू, संध्याकाळी डबा घेऊन मीच येतेय. तुमचं खाऊन होईपर्यंत समोर बसणार आहे.

आणि बाकीच्यांनो, आमचा डबा तुमच्याकडेही यायचा. त्यातले कोफ्ते कुणी खाल्ले होते?