उशीतली अफू

वकिलाच्या बायकोनं पक्षकारांशी बोलू नये, असा आमच्या घरात नियम होता. नियम यांनी केलेला आणि तो मोडायचे मी. बालाघाटच्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे यांचं ऑफिस, आणि ओसरी म्हणजे पक्षकारांची बसायची जागा. खेड्यापाड्यांतून चालत आलेली, तोंड सुकलेली माणसं तासन् तास तिथं बसायची. त्यांना पाणी द्यायचं आणि तोंड शिवून परत यायचं, हे मला जमणारं नव्हतं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आमच्याकडं मुकी माणसं जन्माला येत नाहीत.

ही साठ सालानंतरची, लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तिरोडीकडच्या मँगनीजच्या खदानीतली एक रेजा अफूच्या केसमध्ये जमानतीवर सुटून यांच्याकडं आली. रेजा म्हणजे खदानीत टोपल्या वाहणारी मजूर बाई. लालबर्ऱ्याला शेती करणारा तिचा भाऊ तिला घेऊन आला होता. नवरा खदानीतच दगडाखाली सापडून गेलेला. कडेवर जेमतेम वर्षाचं पोर. बालाघाट स्टेशनवर आबकारीच्या लोकांनी तिला पकडलं, तेव्हा पोराच्या डोक्याखालच्या उशीत कापसाऐवजी अफूचे गोळे निघाले होते.

उशी खदानीतल्या मुकादमाची होती. गोंदियाला माझ्या बहिणीकडं पोचव, असं त्यानं तिला सांगितलं. तेही झडत्या टाळायला तुमसरकडून सरळ नाही, तर कटंगीहून छोट्या लाइनीच्या गाडीनं बालाघाट आणि तिथून गोंदिया, असा वळसा घालून. लेकुरवाळ्या बाईची झडती कोण घेतो, असा त्याचा हिशेब असणार. हिला नाही म्हणता येत नव्हतं. रोज सकाळी हजेरी मुकादमच घ्यायचा आणि त्यानं नाव पुकारलं नाही तर त्या दिवशी काम नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पोर फार झोपायचं. ओसरीवर माणसं बोलत होती, पलीकडं धानाच्या बैलगाड्यांचा खडखडाट चालला होता, कावळे ओरडत होते, पण त्याची पापणीही हलत नव्हती. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "याले बरं नाई का?"

"बरं आहे नं बाई," ती म्हणाली. "जरासी देली हाय त्याले. सुखानं झोपते."

काय दिली, ते मला कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अफूपायी तुरुंगात जायची वेळ आली आणि ही पोराला अफूच चाटवते आहे! मी तिला नको नको ते बोलले. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मंग काय करू? खदानीत झाडाखाली ठेवा लागते याले. जागं राह्यलं तं रांगत जाते, आन् खाली सुरुंग उडतेत. आमच्या साऱ्याच बाया देतेत जी. माह्या मायनंबी मले देलती."

मी आत गेले आणि भाकरीवर राग काढला.

यांचा बचाव साधा होता. उशी दुसऱ्याची, आत काय होतं ते हिला ठाऊक नव्हतं, आणि अफू म्हणजे काय हेही हिला कळत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर काळा गोळा दाखवतील, तेव्हा एकच वाक्य म्हणायचं, मले नाई मालूम. यांनी आतून गुळाचा खडा मागवला आणि ओसरीवर तालीम सुरू झाली.

"हे काय आहे?" यांनी दरडावून विचारलं.

"गूळ होय."

"अगं बाई, तुला माहीत नाही असं म्हणायचं."

"पण गूळ हाय तं गूळच म्हणन नं, वकीलसाहेब. गूळ कोनाले मालूम नाई?"

तिच्या भावानं कपाळाला हात लावला. मला दाराआड हसू आवरेना. हे मात्र जराही हसले नाहीत. त्या पंधरवड्यात ती जितक्यांदा आली तितक्यांदा यांनी तिच्याकडून ते वाक्य घोकून घेतलं आणि शेवटी तिला ते बऱ्यापैकी जमायला लागलं. जाताना ती माझ्याकडं बघून बारीक हसायची. ती भोळी होती की पक्की बेरकी होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

तारखेच्या दिवशी मी कोर्टाच्या कचेरीत गेले. वकिलाच्या बायका तेव्हा कचेरीची पायरी चढत नसत. ती कठड्यात उभी राहिल्यावर पोराला कोण धरणार, असं मी यांना विचारलं. पोर माझ्या मांडीवर आणि मी खोलीच्या दाराशी बाकावर. पोर अर्थातच गाढ झोपलेलं. हाडांचं इवलंसं गाठोडं, मानेला घाम, तोंड उघडं. मला सारखं वाटत होतं की हे एकदा जोरात रडावं.

आधी मुकादमाची साक्ष झाली. पांढरंशुभ्र धोतर, हातात टोपी. उशी? नहीं मालूम. ही बाई? नहीं मालूम, साहब, खदान में सैकड़ों रेजाएँ आती हैं. गोंदियाला बहीण? माझी बहीणच नाही. यांनी त्याला उलटसुलट विचारलं, पण माणूस लोण्यातून सुरी जावी तसा निघून गेला.

मग हिची पाळी आली. मॅजिस्ट्रेट सागर शहराकडचे, वयस्कर आणि शांत. त्यांनी कागदावरचा गोळा पुढं करायला लावला आणि विचारलं, "यह क्या है, जानती हो?"

तिनं गोळ्याकडं पाहिलं. मग यांच्याकडं पाहिलं. हे डोळ्यांनी तिला अक्षरशः ढकलत होते. तिनं वाकून वास घेतला.

"अफू होय जी," ती म्हणाली.

"कैसे जानती हो?"

"लेकराले देतो नं साहेब. कामावर जातांनी."

"तकिये में यही है, मालूम था?"

"वास येत होता." मग तिला वाटलं असावं, आपण मुद्द्याचं बोललोच नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "पण मी चोरली नाई, साहेब. ज्याची होती त्याच्या बहिणीच्याच घरी पोचवून राह्यली होती. तिच्याबी घरी लेकरं असतीन."

कचेरी हसली. माझ्या शेजारचा शिपाईसुद्धा हसला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढे दिवस ही समजत होती की आपल्यावर चोरीचा आळ आहे. खदानीतून घरी जाताना रेजांची झडती व्हायची ती चोरीसाठीच. जी वस्तू घरोघरी लेकरांच्या तोंडात जाते, ती नुसती जवळ बाळगणं हाच गुन्हा असेल, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. तिला निर्दोष ठरायचं होतं, आणि तिच्या लेखी ती निर्दोष ठरलीही होती.

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. ते बराच वेळ लिहीत राहिले. दुपारच्या सुट्टीनंतर त्यांनी निकाल वाचला. आरोपीनं खरं सांगितलं म्हणून कमी देतो आहे, असं म्हणून त्यांनी तिला एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. मुकादम तोवर मोटारीनं निघूनही गेला होता. यांनी कोट काढून हातावर घेतला आणि माझ्या बाजूला येऊन बसले. मला राग कुणाचा येत होता ते मला कळत नव्हतं. मुकादमाचा होता, त्या हसणाऱ्या लोकांचा होता, आणि थोडा तिचाही होता. एवढं एक खोटं बोलली असती तर काय बिघडत होतं!

अंगावरचं मूल आईबरोबर तुरुंगात जाऊ देतात, असं हे म्हणाले. शिपायाबरोबर ती बाहेर आली तेव्हा मी पोर तिच्या हातात दिलं. भाऊ खांबाशी बसून ढसाढसा रडत होता. तिचे डोळे मात्र कोरडे होते.

"हे बघ," मी म्हणाले, माझा आवाज उगाचच चढला होता, "तिथं तुले अफू भेटणार नाई. सवय लागली हाय त्याले, रात्रंदिवस रडन ते. दवाखान्यातल्या डॉक्टरले सांगजो."

"रडू द्या बाई," पोराचं डोकं खांद्यावर नीट टेकवत ती म्हणाली. "कामावर जा लागे म्हणून देत होतो. आता सालभर मी कुठं जातो त्याले सोडून?"

शिपाई चला म्हणाला आणि ती चालू लागली. मी यांच्यासमोर, भरल्या कचेरीत, तोंडाला पदर लावून रडले.