पाचशे शब्दांच्या शेख मॅडम

शेख मॅडमकडे लेख आला की त्या आधी वाचत नसत. संगणकावर उघडत, चष्मा नीट करत आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली शब्दसंख्या बघत. "सर, पहिले आकडा, मंग मजमून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घाटंजीजवळच्या आमच्या शाळेत त्या संगणक शिकवायच्या. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणूनच की काय, कुठलीही गोष्ट ढिली राहिलेली त्यांना खपत नसे.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेचं काम साहजिकच त्यांच्या गळ्यात पडलं. प्रत्येक लेखाला पाचशे शब्द, हा नियम त्यांचाच. संस्थेच्या अध्यक्षांचा लेख लांबला, तर तोही त्यांनी छाटला. मी घाबरून म्हणालो, "मॅडम, महागात पडेल." त्या हसल्या. "पडू द्या. पाचशे म्हंजे पाचशे. अध्यक्षाले बी अन् चपराश्याले बी." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

छाटायची त्यांची रीत सोपी होती. वरून माउस ओढत यायचं, आकडा पाचशेवर आला की थांबायचं आणि खालचं सगळं उडवायचं. पण आपल्याकडची लिहायची रीत अशी की आधी अध्यक्ष, सचिव, माजी सरपंच, देणगीदार अशा सगळ्यांचे आभार मानायचे आणि मनातलं शेवटी सांगायचं. निवृत्त झालेल्या राठोड सरांनी तसंच लिहिलं होतं. त्यांना सांगायचं होतं देवरावांबद्दल. देवराव आमच्या शाळेचे शिपाई. पावसाळ्यात नाला भरला की तांड्यावरच्या पोरींना खांद्यावर बसवून पलीकडे पोचवायचे. आता ते हयात नव्हते. पुस्तकात त्यांचं नाव येणार, असं सरांनी देवरावांच्या बायकोला, शांताबाईंना, आवर्जून सांगून ठेवलं होतं.

प्रकाशनाला शांताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. कार्यक्रम संपताच पुस्तक घेऊन थेट मॅडमकडे गेल्या. "बाई, मले वाचता येत नाही. आमच्या घरच्यायचं नाव कुठं हाय, बोट ठेवून दाखव ना."

मॅडमनी राठोड सरांचा लेख काढला. त्या तो पहिल्यांदाच वाचत होत्या. त्यांचं बोट अध्यक्षांवरून सचिवांवर, सचिवांवरून माजी सरपंचांवर सरकलं आणि पाचशेव्या शब्दावर लेख संपला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. कुठल्याही नावावर बोट ठेवलं असतं तरी शांताबाईंना कळलं नसतं. खरं सांगतो, मॅडमनी तसं करावं असंच मला वाटत होतं.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "नाव होतं. म्या कापलं."

कोणी ऐकत नाही ना हे पाहून शांताबाई हळूच म्हणाल्या, "काहून बाई? त्यायचं काही चुकलतं काय?"

मॅडमनी पुस्तक मिटून त्यांच्या हातात ठेवलं. माणूस शरमेनं इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. आम्ही मास्तर मंडळी खुर्च्या उचलायचं निमित्त करून बाजूला झालो. शांताबाईंनी पुस्तक पदराखाली झाकलं आणि खाली मान घालून त्या फाटकाकडे चालू लागल्या.

मॅडम तशाच अनवाणी त्यांच्या मागे धावल्या. "मावशी, त्यायचं काही नाही चुकलं! माहं चुकलं, माहं!" सगळ्या पाहुण्यांसमोर त्या रडत ओरडत होत्या.

शांताबाईंनी काही मागे वळून पाहिलं नाही.